आधी वाळवण, मग पाकीट

मसाला पिकांच्या मूल्यवर्धनाचा विषय निघाला, की गिरणी, पावडर आणि रंगीत पाकीट एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. माझ्या मते मात्र शेतकरी गटाने पहिला पैसा वाळवणाची स्वच्छ जागा, प्रतवारीच्या चाळण्या आणि मालातला ओलावा मोजणारा आर्द्रतामापक यांवर खर्च करावा. कारण वाळवताना बिघडलेला माल पुढे कशानेही सुधारत नाही.

हळदीचेच पाहा. ओल्या कंदात साधारण 80 टक्के पाणी असते. शिजवून आणि वाळवून ते 10 टक्क्यांवर आणले, तर 100 किलो ओल्या हळदीची सुमारे 22 किलो सुकी हळद होते. तीच 14 टक्के ओलाव्यावर उचलली, तर वजन किलोभराने जास्त भरते, आणि घात होतो तो नेमका या मोहाने. दमट मालाला बुरशी लागते व काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, जे दळल्याने जात नाही. युरोपीय संघाने मिरची, मिरी, आले, हळद आणि जायफळ यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्यामुळे थोड्याशा बुरसटलेल्या मिरच्याही अख्खी खेप नाकारली जाण्यास पुरेशा ठरू शकतात. वाळलेले हळकुंड खट्कन मोडते, ही जुनी पारख उपयोगी आहेच, पण खरेदीदाराला ओलाव्याचा आकडा हवा असतो. (पॉलिश करताना पिवळेपणासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग वापरणे हा तर सरळसरळ विषप्रयोग आहे.)

दळण्याची घाईही महागात पडते. घर्षणाने पावडर तापते आणि ज्या सुगंधी तेलांसाठी ग्राहक पैसे मोजतो, तीच उडून जातात; म्हणून गिरणीचा वेग बेताचा ठेवून, मध्ये थांबत दळावे. गरम पावडर लगेच पाकिटात भरली, तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. सीलच्या पट्टीत पावडरीचे कण अडकले, तर वरवर बंद दिसणारे पाकीटही हवा घेत राहते. साधी पातळ पॉलिथिनची पिशवी ओलावा बऱ्यापैकी अडवते, पण सुगंध आणि प्राणवायू अडवत नाही. पारदर्शक खिडकीचे पाकीट देखणे दिसते खरे. मात्र उजेडाने हळद आणि मिरची दोन्हींचा रंग उतरतो, त्यामुळे मी अॅल्युमिनियमचा थर असलेले अपारदर्शक पाकीटच पसंत करेन.

अखंड मसाला पावडरीपेक्षा जास्त टिकतो, त्यात भेसळ लपवणेही तुलनेने अवघड असते. त्यामुळे नव्या गटाने नीट वाळवलेला, देठ व खडे काढलेला, आकारानुसार निवडलेला अखंड माल हेच आपले मुख्य उत्पादन मानावे, पावडर मागणी आल्यावरच थोडी थोडी दळावी आणि प्रत्येक घाण्याचा (बॅचचा) क्रमांक पाकिटावर छापून त्याचा एक नमुना स्वतःजवळ राखून ठेवावा.