कळलावी

साखळीहून डिचोलीला येताना दुपारी सर कोसळली म्हणून काजूच्या झाडाखाली स्कूटर लावली, तर समोर काटेरी तारेवर कळलावी. पानाचं टोक निमुळतं होत शेवटी स्प्रिंगसारखं वळलेलं, आणि त्या वळशानं तार गच्च धरलेली. चढायला हिला वेगळे हात नाहीत, पानंच हात. जुनी फुलं लालभडक, आज उमललेलं अजून हिरवटपिवळं. सहाही पाकळ्या मागे उलटलेल्या आणि मधली दांडी काटकोनात बाजूला, रुसून मान फिरवल्यासारखी.

आमच्याकडे चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफुला-फळांच्या चौकटीला, ती लागायचीच. आदल्या दिवशी आजी आम्हा पोरांना कुंपणाच्या गडग्यावर पिटाळायची. "देठ मोड, कंद उपटू नको, आणि हात धुतल्याबिगर काही तोंडात घालू नको." कंद नांगरासारखा दुबेळका, म्हणून संस्कृतात ही लांगली. जहाल विषारी. पावसाळा सरला की वेल वाळून नाहीशी व्हायची आणि पुढल्या पावसात पुन्हा गडग्यावर हजर.

साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या काकीनं पहिल्याच चवथीला माटोळीकडे बघून कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही घरात? भांडणं लागतात हिनं!"

"गणपतीच्या डोक्यावर टांगलीय. तो बघून घेईल," आजी.

कळ भांडणाची की बाळंतिणीची, यावर दोघी नेवऱ्या तळता तळता रात्रीपर्यंत वाद घालत होत्या. म्हणजे काकीचंच खरं म्हणायचं.

पुढे वडिलांचा अंगठा गाऊटनं सुजला. डॉक्टरांनी कोल्चिसिन दिलं. तेच विष हिच्या कंदात आणि बियांत असतं. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती करतात. वडील गोळी घेऊन आधी हात धुवायचे. सवय.

गडगा म्हणजे जांभे दगड नुसते एकावर एक रचलेले. हातभर जागेवरून आमचं आणि काकांचं बिनसलं, गडगा काढून गिलावा केलेली भिंत आली. त्या वर्षापासून गणपतीही दोन. कळलावी तिथे होती तोवर एकच होता.

पाऊस थांबल्यावर दोन फुलं मोडून डिकीत ठेवली. बायकोचं माहेर कराडचं. तिला अजून दाखवली नाहीत.