मेलेला मासा लगेच बाहेर का काढायचा?

वडोदऱ्यात आपल्या ओळखीतल्या ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडलेत, ते हमखास विचारतात, ‘एखाददुसरा मासा मेला तर बिघडलं कुठे? बाकीचे खाऊन टाकतील.’ तुम्हीही विचारलंत म्हणून नीट लिहितो.

बाकीचे खातात, भीती त्याचीच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. त्यांना वाढायला प्रथिनं हवीत आणि प्राणवायू नको. कुजत्या माशाच्या पोटात हे दोन्ही जुळून येतं. तिथे विष तयार होतं, ते खाणाऱ्या माशाच्या अंगात जातं, तोही मरतो आणि पुढच्याचं खाद्य होतो.

हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. माशाचा तोल जातो, तो कलंडतो, बुडी मारू पाहतो पण खाली जाता येत नाही. शेवटी कल्ले हलायचे थांबतात. ते बघवत नाही.

१९७०च्या दशकात डेन्मार्कच्या ट्राउट-शेतीत ही साथ आली, ती ‘ई’ प्रकारच्या विषामुळे (या विषाचे प्रकार अशा अक्षरांनी ओळखतात). मिसिसिपीतल्या कॅटफिशच्या तळ्यांतही हाच प्रकार सापडला. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवरात १९९९पासून तळाशी राहणारे छोटे गोबी मासे आणि ते खाणारे पक्षी या विषाने मेले. आपल्याकडे २०१९मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरात हजारो पक्षी गेले. तिथलं विष ‘सी’ प्रकारचं, पण तिथेही मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्यांतून ते पुढच्या पक्ष्यांपर्यंत पोचत होतं. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी पाहिले की मला सांभर आठवतं.

मात्र तरंगणारा प्रत्येक मासा या विषानेच मेलेला नसतो. उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या सुरसागर तलावात मासे मेल्याचं ऐकलं की आधी प्राणवायूचाच संशय घ्यावा. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत असतील आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावल्यावर सावरत असतील, तर प्राणवायूच कमी पडलाय. विषबाधेचा खात्रीचा निकाल प्रयोगशाळाच देते. पण कारण कुठलंही असो, मेलेला मासा पाण्यात राहिला की जिवाणूला आयती जागा मिळते.

म्हणून रोज सकाळी काठाने फेरी मारा. मेलेले मासे हातमोजे घालून हातजाळीने काढा, तळ्यापासून लांब खड्ड्यात चुना घालून पुरा, कुत्र्यांना टाकू नका. आणि कलंडलेला, अर्धमेला मासा विकू नका, घरीही रांधू नका. उकळल्यावर विष नष्ट होतं, बीजाणू मात्र टिकतात, आणि ‘ई’ प्रकारचा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो.