एक बोल्ट टिकला

फेब्रुवारी महिना, दुपारचा एक वाजून गेलेला आणि मी एका ट्रेलरखाली उताणा पडून पाण्याच्या पाइपचा लीक शोधत होतो. हवा अगदी झोप यावी अशी, आकाशात ढगाचा तुकडा नाही, सकाळी फोनवर बघितलेलं की वारा ताशी 5 मैल. तेवढ्यात माझ्या डोक्याजवळून एक खुर्ची लोळत गेली. मग एक टोपी. मग कोणाची तरी बाहेर अंथरायची मोठी चटई, जमिनीला न टेकता. मी सरकत बाहेर येईपर्यंत ती पुढे गेली होती, वावटळ, सरळ उभी, आपल्याकडे एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानात उठते तशीच पण बरीच उंच, आणि मागच्या रांगेतून धाडकन आवाज आला, पत्र्यावर कोणी पहार टाकावी तसा.

त्या रांगेत चारच दिवसांपूर्वी मी एक काम करून आलो होतो.

मी मूळचा तासगावकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा. बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेत फिनिक्सला आलो, वर्क परमिट येईपर्यंत घरी बसून भाकऱ्या शिकलो आणि मग आरव्ही दुरुस्तीचा कोर्स केला, कारण कोणीतरी म्हणालं की या धंद्यात माणसं मिळत नाहीत. खरंच मिळत नाहीत. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर, काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही पिकअपच्या मागे ओढायचे ट्रेलर. थंडीत मी माझी व्हॅन घेऊन क्वार्ट्झसाइटला मुक्काम टाकतो. ॲरिझोनाच्या पश्चिम टोकाचं गाव, फिनिक्सहून आय-10 हायवेने दोन तास. कायमची वस्ती अडीच हजाराच्या आतबाहेर, पण थंडीत कॅनडा आणि उत्तरेकडच्या राज्यांतली रिटायर्ड मंडळी इथे उतरतात आणि आजूबाजूचं वाळवंट पांढऱ्या ट्रेलरांनी भरून जातं. बरीचशी जमीन केंद्र सरकारची, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल अशा अख्ख्या हंगामाचा परमिट 180 डॉलरला मिळायचा. वीज नाही, नळ नाही, झाड म्हणावं असं फारसं काही नाही. म्हणजे सावली हवी तर आपली आपण आणायची.

म्हणून ऑनिंग. ट्रेलरच्या दाराच्या बाजूला गुंडाळलेलं कापड असतं, ते ओढून बाहेर काढलं की पडवी तयार. त्या पडवीत ही माणसं राहतात म्हटलं तरी चालेल, कॉफी तिथे, पत्ते तिथे, भांडणं पण तिथे. जुन्या हाताने उघडायच्या ऑनिंगमध्ये कापड ॲल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलेलं असतं आणि नळीच्या टोकांत पीळ दिलेली स्प्रिंग असते, कापड आत ओढणारी. दोन्ही बाजूंना आर्म, खालचं टोक ट्रेलरच्या भिंतीला ब्रॅकेटने धरलेलं. नवीन मॉडेलमध्ये बटण दाबलं की मोटर काम करते आणि काहींना वारा ओळखणारा सेन्सरही असतो, लोकांचा त्याच्यावर फार विश्वास. पण तो सेन्सर बहुतेक वेळा वारा मोजत नाही, आर्म किती हलतोय ते बघतो, म्हणजे गदगदा हलायला लागल्यावर त्याला कळणार, मग तो आत घ्यायला लागणार आणि तोपर्यंत तुमची बॅटरी जिवंत पाहिजे.

तर त्या रांगेतल्या आजोबांची ऑनिंग हाताने उघडायची होती, 18 फूट लांब आणि बाहेर 8 फूट. आजोबा मोंटानाचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आजी गुडघ्यांमुळे फारशी हलत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की रोज चार वेळा आत-बाहेर करून खांदा गेलाय, काहीतरी असं कर की ती बाहेर राहील. मी म्हटलं बांधून देतो. इथली जमीन म्हणजे वरून खडी बसलेली आणि खाली सिमेंटसारखी कडक, तंबूच्या खुंट्या वाकतात, म्हणून इथले लोक फूटभर लांबीचे लॅग बोल्ट, म्हणजे जाड आट्यांचे मोठे स्क्रू, इम्पॅक्ट ड्रिलने जमिनीत फिरवतात, वर मोठा वॉशर आणि हुक. नळीच्या दोन्ही टोकांवरून पट्टे खाली आणायचे, मध्ये स्प्रिंग घालायची म्हणजे झटका बसत नाही, आणि कापड फडफडून शिवण उसवू नये म्हणून कडेने आर्मला क्लॅम्प. साठ डॉलर घेतले. वीस मिनिटांचं काम.

तासगावात आमचा मांडव डेकोरेशनचा धंदा होता, बाबांचा. वळीव यायची चिन्हं दिसली की पोरं जास्तीचे दोर घेऊन धावायची आणि बाबा त्यांच्यावर खेकसायचे, बांधताय काय, सोडा, सोडा. वाऱ्याच्या बाजूचं कापड आधी सोडायचं. सगळ्या गाठी सरकगाठी, एका हिसक्यात सुटणाऱ्या, कारण कापड फाटलं तर हजार-दीड हजार जातील पण वासे ओढले गेले तर पंगतीवर पडतील. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी बोल्ट फिरवले, कारण गिऱ्हाईक म्हणालं बांध. आता गणित सांगतो, मी नंतर केलेलं, आधी करायला पाहिजे होतं ते. 18 गुणिले 8 म्हणजे 144 चौरस फूट. ताशी 20 मैलांचा वारा त्याच्याखाली सरळ शिरला तर साधारण 67 किलोचा जोर. 40 मैलांचा शिरला तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे अडीचशे किलोच्या वर. आणि हे सगळं कशावर? भिंतीत घुसलेल्या दोन-दोन स्क्रूंवर, ती भिंत म्हणजे पातळ लाकडी चौकट आणि वरून फायबरचा पत्रा, आणि वीस वर्षं पाणी मुरलेलं असेल तर ते लाकूड म्हणजे भिजवलेला टोस्ट.

मी धावत पोचलो तेव्हा ऑनिंग जागेवर नव्हती. मागचं टोक ट्रेलरच्या छपरावर गेलेलं, एसीच्या झाकणाचा चुरा, नळी केळ्यासारखी वाकलेली. मागच्या आर्मचा खालचा ब्रॅकेट भिंतीतून उपटून आलेला, लाकडाच्या ढलप्यासकट. पुढचं टोक मात्र खालीच, माझ्या पट्ट्याने आणि माझ्या बोल्टने धरून ठेवलेलं, ताणलेल्या तारेसारखं. आजी आत होत्या, कॉफी घ्यायला उठल्या म्हणून आत होत्या, त्यांची खुर्ची तर मला आधीच भेटून गेली होती. आजोबा छपराकडे बघत उभे होते आणि मी पोचेपर्यंत त्यांनी पुढच्या आर्मला हात घातलासुद्धा.

मी जन्मात कोणा म्हाताऱ्या माणसावर एवढ्या जोरात ओरडलो नसेन. कारण त्या नळीत स्प्रिंग पिळलेली असते, उघड्या ऑनिंगमध्ये तर सगळ्यात जास्त, आणि एक टोक मोकळं असताना कुठला भाग कधी गरकन फिरेल याचा नेम नाही. बोटं जातात. मनगटं मोडतात. आणि वावटळ गेली म्हणजे सगळं संपलं असंही नाही, एकामागून एक उठतात, खालची जमीन तापलेली आणि वरची हवा गार असली की झालं, तिला ना ढग लागतो ना हवामान खात्याची परवानगी. आजोबांना आणि जमलेल्या शेजाऱ्यांना दोन ट्रेलर सोडून मागे पाठवलं, आजींना आतच राहायला सांगितलं, दारापासून लांब, कारण दार नेमकं त्या ताणलेल्या पट्ट्याखाली.

मग पहिलं काम, वरचं टोक खाली येऊ न देणं. शेजाऱ्याची शिडी पलीकडच्या बाजूने लावून वर चढलो, नळीला दोर बांधून पलीकडे ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला आवळला. मग नळीच्या टोकाला पिनेसाठी भोक असतं त्यात कॉटर पिन घालून स्प्रिंग लॉक केली, दोन्हीकडे, एका टोकाला दहा मिनिटं गेली कारण टोपण चेपलेलं. स्प्रिंग लॉक झाल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही हे मी स्वतःलाच मोठ्याने सांगत होतो, मराठीत, खाली दोन कॅनडियन बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर कापड. चांगल्या दिवसात कापड छपराच्या कडेच्या पन्हाळीतून सरकवून काढता येतं, पण नळी वाकलेली असताना ते जागचं हलत नाही. सुरी काढली तर आजोबा खालून म्हणाले कापू नकोस, कापड चांगलं आहे अजून. आणि होतं हो. मागच्या वर्षी त्यांनी दोन ठिकाणी टेपने जोडलेलं, एका कोपऱ्यात आजींनी दिव्यांच्या माळेसाठी शिवलेले लूप. मी दोन मिनिटं तशीच सुरी धरून बसलो छपरावर, मग कापलं. कडेने सरळ, 18 फूट. कापड सुटलं आणि ट्रेलर एवढासा हलला, कोणीतरी धरलेला दंड सोडावा तसा.

संध्याकाळपर्यंत आर्म उतरवले, भिंतीतल्या भोकांवर प्लायवूड आणि छपराच्या रबराला पडलेल्या फाटीवर टेप, तात्पुरतं. ते सगळं नेहमीचंच, त्यात सांगण्यासारखं नाही.

बोल्ट काढायला गेलो तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पुढचा बोल्ट काढायला इम्पॅक्टला धाप लागली, इतका घट्ट. मागचा जागेवरच नव्हता, तीन-चार ढांगांवर पट्ट्यासकट पडलेला, मळ नाही माती नाही, स्वच्छ. भोकात बोट घातलं तर सगळी भुसभुशीत वाळू. शेजारून पावसाळी ओहोळ जातो, इथे त्याला वॉश म्हणतात, त्याची वाळू तिथपर्यंत आलेली. आणि मला लख्ख आठवलं की चार दिवसांपूर्वी तो बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा गेला होता आणि मला तेव्हाच कळलं होतं, हाताला कळतं ना, पण पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. दोन्ही बोल्ट उपटले असते तर ऑनिंग सरळ छपरावर गेली असती. दोन्ही टिकले असते तर कदाचित नुसतं कापड फाटलं असतं. एक टिकला आणि एक उपटला म्हणून सगळा पीळ मागच्या ब्रॅकेटवर आला आणि भिंत फाडून निघाला.

आजोबांना जाऊन सांगितलं. इंग्रजीत माफी मागायची म्हणजे मला शब्द कमी पडतात, म्हणून सरळ तो बोल्ट दाखवला, वाळू दाखवली, म्हटलं ही माझी चूक, आणि साठ डॉलर पुढे केले. त्यांनी ते घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. मला बरं वाटलं, नाही म्हणाले असते तर रात्रभर झोप लागली नसती. मग म्हणाले, "तुला एक सांगू का? पंधरा वर्षं मी दुकानात जाताना सुद्धा ती आत घेऊन जायचो. तू बोल्ट लावलेस आणि मी दुसऱ्याच दिवशी ती बाहेर ठेवून गावात गेलो. रात्री पण बाहेरच. आजही मी आत वामकुक्षी घेत होतो." मला तो साठ डॉलरपेक्षा मोठा फटका वाटला. ऑनिंगच्या प्रत्येक पुस्तिकेत एका पानावर छापलेलं असतं की हे उन्हासाठी आहे, जवळ कोणी नसेल तर आत घ्या, वाऱ्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. ते पान मी कोर्समध्ये पाठ केलेलं. आणि मी काय केलं, तर ते पान विसरायचं सामान विकलं.

खांदा दुखतो हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बोल्ट नव्हतंच. उत्तर होतं ते फार साधं, मी ते पुढच्या आठवड्यात केलं: ट्रेलर वळवून लावला. इथे जोराचा वारा येतो तो बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून, त्यांचं दार नेमकं तिकडे होतं कारण आजींना डोंगरामागचा सूर्यास्त आवडतो. आता दार पूर्वेकडे. वारा आधी ट्रेलरच्या पाठीवर आदळतो, दुपारची सावली ट्रेलरच देतो आणि ऑनिंगची गरज सकाळचे तीन तास. सूर्यास्त बघायला आजींना खुर्ची पलीकडे न्यावी लागते, त्याबद्दल त्या मला अजून माफ करायच्या आहेत. वावटळीला अर्थात दिशा बिशा काही नसते, तिच्यापुढे काही चालत नाही, तिच्यासाठी माणूस जागा पाहिजे आणि हात दांडीवर पाहिजे. जुने आर्म आणि नळी एका भंगार यार्डातून मिळाले, कापड नवीन, मजुरी मी घेतली नाही.

पण त्या दिवसाची खरी गंमत राहिलीच. मी कापलेल्या कापडाची गुंडाळी करत होतो, सूर्य टेकलेला, तर तीन ट्रेलर सोडून राहणारा एक माणूस आला. पुढच्या बोल्टच्या भोकाशी वाकून बघितलं, बुटाने टोकरलं, मान डोलावली.

"हा टिकला ना?"

म्हटलं हो, हा टिकला.

"मला असे चार लावून दे. किती घेशील?"

मी त्याच्या ट्रेलरकडे बघितलं. ऑनिंग पूर्ण उघडी, खाली कोणी नाही. म्हटलं आधी ती आत घे, मग बोलू.

त्याने बोट ओलं करून वर धरलं. "वारा कुठे आहे?"

नव्हताच.