आमची वाटचाल: ताम्हण, पानगळ आणि अडकलेलं बिल

नर्सरीच्या लाइनमध्ये आम्हाला ताम्हणवाले म्हणूनच ओळखतात आणि त्याचा मला अभिमान आहे. गुलमोहर, बहावा, सोनमोहर सगळं ठेवतो, पण बाबांनी नर्सरी काढली तेव्हापासून ताम्हण आम्ही स्वतः बी टाकून वाढवतो, बाहेरून तयार आणून विकत नाही. आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प, कोकणात ओढ्याकाठी आपोआप येतं, पण मुंबईत अजून फोटो दाखवून सांगावं लागतं.

26 जुलै 2005 ला आमची जागा कलिन्याला होती, मिठी नदीपासून फार लांब नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. गुलाब, जरबेरा, कुंड्या, खताची पोती, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर बघतो तर गाळात ताम्हणाच्या पिशव्या जागच्या जागी, कारण मुळाशी पाणी साचलेलं हे झाड सोसतं. पार्ल्याच्या एका काकूंनी त्या चिखलाच्या पिशव्या तशाच सोसायटीत नेल्या, भाव केला नाही, आजही छाटणीला त्यांना आमचाच माणूस लागतो. नंतरची बरीच वर्षं ठीक गेली.

मग ते कॉम्प्लेक्सचं काम आलं. मोठा बिल्डर, आतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सावली हवी होती. आम्ही चांगली दहा-बारा फुटी ताम्हणं दिली, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोणपाटात घट्ट बांधून, एकाचीही माती फुटू दिली नाही. आमचे माळीमामा प्रत्येक खड्ड्यात पहार मारून बघायचे, खाली डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, असलं की आवाजच वेगळा येतो, मग परत खणायला लावायचे. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, कुणाच्या हातात देत नसत, काम झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून फडक्यात गुंडाळायचे.

फेब्रुवारीत पानं तांबडी झाली आणि गळाली, ताम्हणाची गळतातच. तेवढ्यात आमच्याच धंद्यातल्या एकाने बिल्डरच्या माणसाला सांगितलं, यांनी तुम्हाला मेलेली झाडं खपवली. बिल अडकलं. मी साइटवर जाऊन नखाने साल खरवडून दाखवली, आत हिरवी, ओली, डहाळी वाकवली तर वाकली, मेलेली असती तर काडकन मोडली असती. एप्रिलमध्ये पालवी येते, तेवढं थांबा म्हटलं. नाही थांबले. उभी झाडं उपटली आणि त्याच माणसाकडून फॉक्सटेल पाम घेतले, ज्यांच्याखाली एक स्कूटर सावलीत मावत नाही! माझ्या पोरांचे पगार मी बायकोच्या बांगड्या ठेवून दिले. त्या माणसाला झाडातलं कळत नसतं तर मी विसरलो असतो, पण त्याला सगळं कळत होतं.

आता ताम्हण लावणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल घ्या, डेब्रिज काढून लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरा, लावताना पिशवी कापून काढा, नुसती चिरून आत ठेवू नका. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा, पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवू नका. आणि पावसाळ्याआधीची छाटणी म्हणून मे महिन्यात सरसकट शेंडे मारू नका, जांभळे तुरे त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या टोकाला येतात, शेंडे गेले की फुलं गेली. वाळकी आणि धोक्याची फांदी तेवढी काढा, आणि मोठ्या झाडाला महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय कोयता लावू नका.

त्याच कॉम्प्लेक्समध्ये आता रहिवाशांची कमिटी आहे. पार्किंग तापतं, सावलीचं झाड द्या म्हणून त्यांनीच फोन केला. देतोय, जूनमध्ये पाऊस लागला की गाडी जाईल. निम्मे पैसे आधी घेतले आणि ऑर्डरच्या कागदावर लिहून सेक्रेटरींची सही घेतली: फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड उघडं राहील, ती पानगळ आहे.