शिरोरेषेच्या सांध्यावरचे ठिपके

लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडण्याच्या प्रणालीत, मराठी पुस्तकं मांडताना माझा एक हट्ट असतो: मजकुरात कुठेही 'लाल', 'निळा' लिहायचं नाही. एक्सकलर हे रंगांसाठीचं जोड-पॅकेज घेऊन सुरुवातीलाच रंगांना कामावरून नावं द्यायची: शीर्षक, चौकट, तळटीप. सध्या हातात एका वाचनालयाची स्मरणिका आहे. तिच्यात 'शीर्षक' म्हणजे, छपाईच्या चार शायांचं 0 ते 1 मधलं प्रमाण सांगायचं तर, मजेंटा (किरमिजी) 0.85, पिवळा 0.70, काळा 0.25, सायन (आकाशी निळा) शून्य. समितीने उद्या जांभळा मागितला तरी मी एकच ओळ बदलणार. चौकटीच्या मागचा फिका रंगही वेगळा ठरवत नाही. 'शीर्षक!15' लिहिलं की त्याच रंगाचे 15 टक्के, बाकी पांढरा. मूळ रंग बदलला की हाही बदलतो.

पण फिका म्हणजे पारदर्शक नव्हे. फिका रंग खालचं झाकतो, पारदर्शक रंग खालचं दाखवतो. खाली कोरा कागदच असेल तर पारदर्शकतेच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. एक्सकलरमध्ये ती सोय नाहीच. त्यासाठी टिकझेड या चित्रं काढण्याच्या पॅकेजची ओपॅसिटी वापरता येते. हान्स हागेन यांच्या कॉन्टेक्स्ट या लाटेकसारख्याच दुसऱ्या प्रणालीत मात्र रंगाच्या व्याख्येतच पारदर्शकता देता येते. मला ती मांडणी जास्त पटते, कारण सगळं एका जागी राहतं.

आपल्या लिपीत खरी अडचण शिरोरेषेची. रेघ सलग दिसावी म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. गडद शाईत ते कळत नाही. छायाचित्रावर तोच मथळा अर्धपारदर्शक ठेवला, की प्रत्येक सांध्यावर रंग दुप्पट बसतो आणि रेघेवर ठिपके उठतात. रोमन अक्षरं बहुतेक सुटी असल्याने तिकडच्या मदतपुस्तिकांत याची फारशी काळजी दिसत नाही. पीडीएफमध्ये 'टेक्स्ट नॉकआउट' नावाची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते. तिच्यामुळे एकाच मजकूर-तुकड्यातली अक्षरं एकमेकांवर रंग चढवत नाहीत. पण छापखान्यात मजकूर 'कर्व्ह' केला की अक्षरांचे नुसते आकार उरतात, आणि ते संरक्षण गेलं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे टिकझेडचा 'ट्रान्सपरन्सी ग्रुप'. मथळा आधी अपारदर्शक रंगात पूर्ण काढला जातो, मग सगळा मिळून एकदाच पारदर्शक होतो. रेघ एकसंध राहते.

फाइल पाठवण्याआधी छापखान्याला एक प्रश्न जरूर विचारा: छपाईच्या पीडीएफच्या दोन प्रकारांपैकी पीडीएफ/एक्स-1ए हवी की एक्स-4? पहिलीत पारदर्शकता चालतच नाही, दुसरीत चालते. मुख्य मजकूर मात्र नेहमी निव्वळ काळ्यात ठेवा. सायन, मजेंटा, पिवळा शून्य, काळा 1. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतला, काळा छपाईसाठी बदलताना बहुधा चारही शायांच्या प्लेटांवर विभागला जातो. मग एखादी प्लेट केसभर सरकली, तरी अनुस्वार आणि रफार यांच्या कडेने रंगीत झालर दिसते.