फ्रेंच क्रियापदात जोर कुठे द्यायचा?

फ्रेंच शिकवते म्हटलं की तक्ते पाठ करून वैतागलेलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, या रूपांची अक्षरांत फोड कशी करायची आणि जोर कुठे द्यायचा?’ तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

जोराचं उत्तर सोपं आहे: उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या अक्षरावर (अक्षर म्हणजे इथे एका स्वराभोवतीचा उच्चारगट, लिपीतलं चिन्ह नव्हे). तेही शब्दाच्या नव्हे, एका दमात बोललेल्या तुकड्याच्या. ‘नु पार्लों’ (आम्ही बोलतो) म्हणताना जोर ‘लों’वर, पुढे ‘फ्राँसे’ जोडलं की तो ‘से’वर जातो. इंग्रजीच्या सवयीने शब्दाशब्दावर ठोसे मारू नका, बस.

फोड करताना मात्र डोळ्यांपेक्षा कानांचं ऐका. याच क्रियापदाची ‘मी, तू, तो, ते’ यांची वर्तमानकाळातली रूपं लिहिताना शेपट्या वेगवेगळ्या, पण उच्चार चौघांचा एकच, ‘पार्ल’, आणि अक्षरही एकच. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तसंच. जुन्या छंदोबद्ध कवितेत मात्र पुढे व्यंजन आलं की ही गिळलेली शेपटी मोजावीच लागते, नाहीतर आलेक्सांद्रँ या छंदाच्या ओळीची बारा अक्षरं भरत नाहीत. अपूर्ण भूतकाळातही एक गंमत आहे. ‘पार्-ल्यों’ (आम्ही बोलत होतो) दोन अक्षरं, पण ‘ऊ-व्री-यों’ (आम्ही उघडत होतो) तीन. ‘व्र’ तुटत नाही आणि त्याला लागूनच ‘य’ म्हणायला जीभ तयार नसते, म्हणून तिथे ‘ई’ला स्वतंत्र जागा मिळते.

खरी मजा पुढेच आहे. ‘तो येतो’ला ‘व्ह्यें’ आणि ‘आम्ही येतो’ला ‘व्हनों’, असं एकाच धातूचं रूप का पालटतं? लॅटिनमुळे. ‘वेनित’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर होता, ‘वेनीमुस’मध्ये दुसऱ्यावर. जोराखालचा स्वर फुटून ‘ये’ झाला. बिनजोराचा विरत गेला. आज तो जोर कुणी उच्चारत नाही, पण तक्त्यात त्याचे वळ शिल्लक आहेत. म्हणूनच स्वर बहुधा ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्याच रूपांत वेगळा दिसतो. ‘अनियमित’ म्हणून बोटं मोडण्याआधी हे एकदा तपासून बघा, पाठांतर निम्मं होईल.

‘प्रेम करणे’ या क्रियापदाचंही असंच होतं. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मी’च्या रूपात ‘ऐ’ आणि ‘आम्ही’च्या रूपात ‘आमों’ असा ‘आ’ होता. पुढे लोकांनी सगळीकडे एकच स्वर लावून ‘एमों’ केलं, आणि ते क्रियापद नियमितांच्या रांगेत जाऊन बसलं.