दोऱ्याभोवतीचं हाड: उंदराच्या दाढेवरचा प्रयोग कुठे फसतो

पायरियात दाताभोवतीचं हाड आपल्याच पेशी खातात. जंतू सहसा तिथपर्यंत पोचतच नाहीत. हिरडीखालच्या प्लाकची पुढची कड आणि हाडाचा काठ यांच्यात ०.५ ते २.७ मिलिमीटरचं अंतर राहतं, असं हिरड्यांचे संशोधक वेरहाउग यांनी १९७९ मध्ये मोजून मांडलं. प्लाक पुढे सरकला की हाड मागे हटतं. जे काही घडतं ते या मधल्या सुजलेल्या पट्ट्यात घडतं.

तिथे काय चालतं, याचा ढाचा १९९७-९८ मध्ये ओपीजी आणि रँकल हे रेणू सापडल्यावर पक्का झाला. सुजलेल्या जागेतले टी आणि बी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी), दात धरून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या पेशी आणि हाडात रुतलेल्या ऑस्टिओसाइट पेशी रँकल तयार करतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातल्या पेशींवर रँक नावाचा रिसेप्टर असतो. त्याला रँकल चिकटला आणि सोबत एम-सीएसएफ हा वाढीचा रेणू असला की एनएफएटीसी१ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं, पेशी एकमेकींत मिसळतात आणि हाड खाणारी मोठी पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार होतो. तो हाडाला घट्ट चिकटून खाली आम्ल सोडतो, खनिज विरघळवतो आणि उरलेलं कोलॅजन कॅथेप्सिन के हे एन्झाइम वापरून तोडतो. ओपीजी हा रँकलला मध्येच अडवणारा रेणू. आयएल-१, टीएनएफ, आयएल-१७ हे सुजेचे निरोप देणारे रेणू, म्हणजे सायटोकाइन, सगळे तराजू रँकलच्या बाजूला झुकवतात.

चित्र इतकं नीटनेटकं आहे की यातलं काहीतरी अडवायचं आणि हाड वाचलं का ते बघायचं, एवढंच काम उरलंय असं वाटतं. प्रत्यक्षात ‘हाड वाचलं’ या दोन शब्दांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. दोरा कसा बांधला, कवटी कुठल्या कोनात धरली, कितव्या दिवशी बघितलं आणि औषध कधी सुरू केलं, यावर ते वाचलेलं हाड बरंच अवलंबून असतं.

सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोग दोऱ्याचा. उंदराच्या वरच्या जबड्यातल्या दुसऱ्या दाढेभोवती ५-० रेशमी धागा बांधतात. धाग्याची जाडी ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. दोऱ्यावर आणि दोऱ्याखाली जंतू साठतात, हिरडी सुजते आणि आठवड्याच्या आत हाड उतरतं. जंतूविरहित उंदीर-घुशींमध्ये नुसत्या दोऱ्याने हाड फारसं उतरत नाही, हे १९६६ पासून माहीत आहे. त्यामुळे दोरा हा जंतूंना थारा देणारा, त्यांच्या जागी येणारा नव्हे. याआधीची पद्धत तोंडातून पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा पायरियाशी जोडलेला जंतू पाजायची. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या चिकट द्रवात कालवून दिले की जंतू चिकटून राहतात, पण निकाल यायला सहा आठवडे लागतात, झीज थोडी असते आणि प्रयोगशाळेगणिक फरक पडतो. तरी एक गोष्ट त्याच पद्धतीने शिकवली: २०११ मध्ये हाजिशेंगॅलिस यांच्या गटाने दाखवलं की हा जंतू अगदी कमी संख्येनेही बाकीच्या वसाहतीचा तोल बिघडवतो, आणि जंतूविरहित उंदरात तो एकटा असेल तर हाड उतरत नाही.

आता दोरा बांधण्याबद्दल. उंदीर पाठीवर, पाय टेपने धरलेले, जबडा उघडा ठेवायला रबरबँड किंवा छोटा रिट्रॅक्टर, वर स्टिरिओमायक्रोस्कोप. पहिल्या आणि दुसऱ्या दाढेमधला संपर्क घट्ट असतो. तिथून धागा दाबून खाली न्यायचा, दाढेच्या मागून दुसऱ्या-तिसऱ्याच्या फटीतून परत आणायचा आणि गाठ टाळूच्या बाजूला मारायची. टोकं अगदी आखूड कापायची, नाहीतर उंदीर जिभेने आणि पंज्याने ती उसकतो. धागा एकदम झटक्याने खाली गेला तर दोन दाढांमधलं हिरडीचं टोक, म्हणजे पॅपिला, कापलं जातं. मग पहिल्या दोन दिवसांत जी सूज दिसते ती जखमेची असते, जंतूंची नसते. म्हणून एक गट असा हवाच, ज्यात दोरा घातला आणि लगेच काढला. दुसऱ्या बाजूची मोकळी दाढ हाड मोजण्यासाठी चांगली तुलना देते, कारण उंदीर तोच असतो. पण रक्तातले सायटोकाइन किंवा मानेच्या लिम्फ नोडमधल्या पेशी बघायच्या असतील तर ती तुलना निरुपयोगी आहे.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे सुटलेला दोरा. तो तिसऱ्या दिवशी पडला आणि आठव्या दिवशी लक्षात आलं, तर त्या उंदराचं हाड ‘वाचलेलं’ दिसणारच. औषधामुळे उंदीर सुस्त होऊन कमी खात असेल तर दोरे कमी सुटतात, चलाख असेल तर जास्त. म्हणजे ही चूक गटांमध्ये सारखी वाटली जात नाही. एक दिवसाआड तपासावं, सुटलेला उंदीर मोजणीतून वगळावा आणि प्रत्येक गटातून किती वगळले तो आकडा लेखात द्यावा. हा आकडा नसलेले लेख मी जरा दुरूनच वाचतो.

मोजायचं काय? इनॅमल संपतं आणि मूळ सुरू होतं त्या रेघेपासून हाडाच्या काठापर्यंतचं अंतर. जुनी पद्धत म्हणजे जबडा उकळून मांस काढायचं, हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करायचं, मिथिलीन ब्लूने रंगवायचं आणि ठरलेल्या जागांवर फोटोवर मोजायचं. स्वस्त आहे, आणि नीट केली तर अजूनही वाईट नाही. अडचण कोनाची. फोटोत जे दिसतं ते त्या अंतराची सावली असते. जबडा २० अंशांनी कलला तर अंतर ६ टक्क्यांनी कमी दिसतं, ३० अंशांनी कलला तर १३ टक्क्यांनी. गटांमधला फरकच १५ टक्के असेल तर त्यातलं हाड किती आणि मेणात जबडा टेकवणाऱ्याचा हात किती, हे सांगता येत नाही. मायक्रो-सीटीत, म्हणजे बारीक त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनमध्ये, ही अडचण सुटते, पण आपोआप सुटत नाही. स्कॅन झाल्यावर प्रत्येक नमुना सॉफ्टवेअरमध्ये फिरवून एकाच ठेवणीत आणावा लागतो: पहिल्या दोन दाढांच्या इनॅमलच्या रेघा आडव्या, मुळांचा अक्ष उभा. ही पायरी गाळून थेट जो काप समोर आला त्यावर मोजणारे बरेच आहेत.

व्हॉक्सेलचा, म्हणजे स्कॅनमधल्या सर्वांत छोट्या घनाचा, हिशेबही करून बघा. २० मायक्रॉनच्या व्हॉक्सेलवर दोन्ही टोकांना एकेक व्हॉक्सेल इकडेतिकडे झाला तर ४० मायक्रॉनची चूक. मूळ अंतर २०० मायक्रॉन असेल तर ती थेट २० टक्के. म्हणून १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. सगळे नमुने एकाच द्रवात ठेवून स्कॅन करायचे, काही अल्कोहोलमध्ये आणि काही सलाइनमध्ये असं नको, कारण क्ष-किरण दोन्हींत वेगळे शोषले जातात. हाड आणि हाड-नसलेलं यांच्यातली सीमा, म्हणजे थ्रेशोल्ड, सगळ्यांना एकच ठेवायची. प्रत्येक नमुन्याला ‘डोळ्यांना बरी दिसेल’ अशी बदलायची नाही. मुळांमधल्या फटीतलं हाड आकारमानाने मोजताना मुळं हाताने वगळावी लागतात. मुळावरच्या सिमेंटम या कठीण थराची घनता हाडाच्या इतकी जवळ असते की सॉफ्टवेअर ते वेगळं करू शकत नाही. आणि वय जुळवून घ्यायला विसरू नका. निरोगी उंदरातही हे अंतर वयाबरोबर वाढतं, कारण झिजलेली दाढ हळूहळू वर सरकत राहते.

आता दिवस. दोरा बांधल्यावर ऑस्टिओक्लास्टची गर्दी पहिल्या काही दिवसांत होते आणि मग ओसरते. उतरलेलं हाड मात्र उतरलेलंच राहतं. चौदाव्या दिवशी ऑस्टिओक्लास्ट ओळखण्यासाठी ट्रॅप रंग देऊन स्लाइड बघितल्या आणि दोन्ही गटांत ऑस्टिओक्लास्ट सारखेच दिसले, म्हणून ‘औषध ऑस्टिओक्लास्टवर काम करत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो रिकाम्या मैदानाचा फोटो झाला. पेशी मोजायच्या तर तिसरा ते पाचवा दिवस, हाड मोजायचं तर सातवा-आठवा, असे दोन संच लागतात.

ट्रॅप हे ऑस्टिओक्लास्टमधलं एन्झाइम आहे, त्यामुळे ते जिवंत राहील अशी काळजी घ्यावी लागते. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये एक दिवस पुरे. आठवडाभर विसरलेल्या नमुन्यात रंग फिका येतो. खनिज काढायला १० ते १४ टक्के ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४, दोन ते चार आठवडे, द्रव बदलत. घाईने फॉर्मिक किंवा नायट्रिक आम्ल वापरलं तर हाड दोन दिवसांत मऊ होतं, पण ट्रॅपही जातं. स्लाइडवर लाल-जांभळ्या, तीन किंवा जास्त केंद्रकांच्या आणि हाडाला टेकलेल्याच पेशी मोजायच्या. आकडा हाडाच्या कडेच्या प्रति मिलिमीटर द्यायचा. नुसता ‘प्रति स्लाइड’ आकडा काहीच सांगत नाही, कारण हाड उरलं नाही तर त्याला चिकटलेल्या पेशी कशा दिसणार?

डिशमध्ये ऑस्टिओक्लास्ट वाढवणं त्यामानाने सोपं वाटतं आणि तिथेच गंमत आहे. अस्थिमज्जेच्या पेशींना आधी एम-सीएसएफ, साधारण ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, मग त्यासोबत ५० ते १०० रँकल. चौथ्या ते सहाव्या दिवशी पसरट, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात आणि पुढच्या दिवसा-दोन दिवसांत फुटून मरतात. एक दिवस उशिरा डिश थांबवली तर डिशच्या सर्वांत यशस्वी खळग्यातच सर्वांत कमी पेशी मोजल्या जातात. पेशी दाट पेरल्या तर माध्यम लवकर पिवळं पडतं, विरळ पेरल्या तर त्या एकमेकींना भेटतच नाहीत.

खरा खड्डा एलपीएसचा, म्हणजे जंतूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिनचा. ते रँकलच्या आधी किंवा एकदम सोबत घातलं तर ऑस्टिओक्लास्ट बनणं थांबतं, पेशी जळजळीच्या मॅक्रोफेजकडे वळतात. रँकल देऊन एक-दोन दिवस गेल्यावर तेच एलपीएस घातलं तर ऑस्टिओक्लास्ट वाढतात. एकाच बाटलीतून दोन उलट निकाल. नैसर्गिक अर्क ‘हाडाची झीज रोखतात’ असे जे ढिगाने लेख येतात, त्यातल्या अर्कात एंडोटॉक्सिन किती होतं हे तपासलेलं क्वचितच असतं. दूषित अर्क पहिल्या दिवशी घातला तर तो झीज रोखणारच, औषध असो वा नसो.

शेवटचा प्रश्न औषध कधी सुरू केलं हा. बहुतेक लेखांत ते दोरा बांधायच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी सुरू होतं. दंतवैद्याकडे माणूस येतो तेव्हा हाड आधीच गेलेलं असतं. शिवाय माणसं सारखी नसतात: ज्यांनी कधी दातांची निगाच घेतली नव्हती अशा श्रीलंकेतल्या ४८० चहामळा कामगारांवरच्या १९८६ च्या अभ्यासात ८ टक्के लोकांचा आजार वेगाने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के हिरडीच्या सुजेपुढे गेलेच नाहीत. एकाच वंशाचे, एकाच वयाचे उंदीर हा फरक दाखवणार नाहीत. निदान वेळ तरी सुधारता येते. दोरा पाच-सात दिवस ठेवून काढावा आणि औषध तिथून सुरू करावं. मात्र दोरा काढल्यावर औषधाशिवायही उंदराचं हाड थोडंफार भरून येतं, म्हणून ‘दोरा काढला, औषध नाही’ हा गट नसेल तर सगळं श्रेय औषधाला जातं.

यातून कोणी म्हणेल, मग ऑस्टिओक्लास्टच बंद करू. झोलेड्रोनेट हे बिस्फॉस्फोनेट ते करतंच, आणि मायक्रो-सीटीवर असे उंदीर फार सुंदर दिसतात. (रँकल अडवणारं डेनोसुमॅब माणसात तेच करतं, पण साध्या उंदराच्या रँकलला ते चिकटत नाही.) पण सूज आणि जंतू तसेच राहतात. माणसात बिस्फॉस्फोनेटनंतर जबड्याचं हाड मरून आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं राहणं, म्हणजेच जबड्याचं नेक्रोसिस, २००३ पासून नोंदवलं गेलंय, आणि पुढे डेनोसुमॅबनंतरही. तेव्हा हाड वाचलेल्या गटाच्याही एचअँडई (पेशी दाखवणाऱ्या नेहमीच्या रंगाच्या) स्लाइड कापाव्यात आणि दोऱ्याजवळच्या हाडात किती ऑस्टिओसाइटच्या खोबणी रिकाम्या आहेत ते मोजावं. मेलेलं हाडही स्कॅनमध्ये पांढरंच दिसतं.